पराभूत सेनेचा विजय : फील्ड मार्शल स्लिम यांची दृष्टी

मे १९४२ मध्ये, पावसाळा तोंडावर आला असताना, ब्रह्मदेशातून माघार घेणारी ब्रिटिश-हिंदी सेना चिंदविन नदी ओलांडून मणिपूरच्या सरहद्दीवर येऊन पोचली. सुमारे नऊशे मैलांची ही माघार होती. तोफा आणि वाहने बहुतांशी मागेच टाकून द्यावी लागली होती. हिवताप आणि हगवण यांनी माणसे खंगून गेली होती. जपानी सैनिक जंगलात अजिंक्य आहे, अशी समजूत सर्वत्र पसरली होती. पुढे तीन वर्षांच्या आत हीच सेना ब्रह्मदेशात परत शिरली, मार्च १९४५ मध्ये तिने मंडाले जिंकले आणि मेच्या आरंभी ती रंगूनच्या उंबरठ्याशी येऊन ठेपली. हे कसे घडले, याचे उत्तर त्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धवृत्तांतात दिले आहे. एखाद्या अचाट डावपेचाची कथा ऐकण्याच्या अपेक्षेने जो वाचक हा ग्रंथ उघडील, त्याला तेथे रुग्णांचे तक्ते, धान्याच्या गोण्या आणि आगगाडीचे डबे यांचीच गाठ प्रथम पडेल.

स्लिम यांचा जन्म १८९१ चा. पहिल्या महायुद्धानंतर ते हिंदी सेनेत दाखल झाले आणि गुरखा पलटणीत त्यांची अनेक वर्षे गेली. १९४२ च्या माघारीत ब्रह्मदेशातील कोअरचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्व सरहद्दीवरील सेनेची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि तीच पुढे चौदावी सेना म्हणून ओळखली गेली. तिच्यातील बहुसंख्य सैनिक हिंदी होते. त्यांच्या जोडीला गुरखे, ब्रिटिश आणि आफ्रिकी सैनिक होते. सूत्रे हाती घेतली तेव्हा पुरवठा, आरोग्य आणि मनोधैर्य या तीन प्रश्नांनी त्यांना घेरले होते.

यांपैकी आरोग्याचा प्रश्न आकड्यांत मांडला असता त्याचे गांभीर्य कळते. १९४३ मध्ये जखमी होऊन पिछाडीस पाठवाव्या लागलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी पडून गेलेल्यांची संख्या एकशेवीस होती. एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण सैन्याच्या एकूण संख्येच्या शेकडा ८४ इतके होते. अशी सेना शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच विरघळून जाणार, हे उघड होते. तोवर हिवतापाच्या रुग्णाला शेकडो मैल दूर हिंदुस्थानातील रुग्णालयात पाठवीत, आणि तो कित्येक महिने पलटणीला अंतरत असे. आता आघाडीच्या मागे काही मैलांवरच तंबूंतून उपचारकेंद्रे उभारण्यात आली. तेथे रोगी चोवीस तासांच्या आत पोचे आणि काही आठवड्यांत आपल्या तुकडीत परत येई. मेपाक्रिनची गोळी रोज घेणे सक्तीचे झाले, परंतु केवळ हुकूम काढून गोळी पोटात जात नाही, हे स्लिम जाणून होते. त्यांनी पलटणींची अचानक तपासणी सुरू केली. शेकडा ९५ पेक्षा कमी सैनिकांत औषधाचा अंश आढळला, तर त्या पलटणीच्या प्रमुखाला पदावरून दूर केले जाई. असे तीन अधिकारी गेले, आणि बाकीच्यांना अर्थ समजला. १९४५ पर्यंत आजाऱ्यांचे प्रमाण दररोज हजारी एकावर आले. स्लिम यांच्या मते रोगावरील हा विजय निम्म्याहून अधिक शिस्तीचा विजय होता. डॉक्टर औषध सुचवितात, ते घेतले जाते की नाही हे पलटणीचा प्रमुख ठरवितो.

पुरवठ्याची कथाही तितकीच उद्बोधक आहे. कलकत्त्याहून निघालेल्या मालाला वाटेत रुंद रुळांवरून अरुंद रुळांवर चढावे लागे. ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्यामुळे गाडीचे डबे पडावांवरून पैलतीरी न्यावे लागत. त्यापुढे डोंगरातील घाटरस्ते होते आणि पावसाळ्यात तेही खचत. म्हणून हवाई मार्गाने रसद पोचविण्याचे तंत्र सिद्ध करण्यात आले. त्यासाठी रेशमी हवाई छत्र्या पुरेशा मिळेनात, तेव्हा बंगालमध्ये मुबलक असलेल्या तागाच्या छत्र्या बनविण्यात आल्या. कार्यक्षमतेत त्या रेशमी छत्रीच्या शेकडा ८५ इतक्या उतरत. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तर तागाच्या छत्रीला एका पौंडाहून थोडाच जास्त. आघाडीवरील सैन्याला अर्ध्या शिध्यावर राहण्याची पाळी आली, की आपल्या मुख्यालयालाही अर्धाच शिधा देण्याची स्लिम यांची पद्धत होती. भुकेल्या कारभाऱ्याचे हात अधिक लगबगीने चालतात, असा त्यांचा अनुभव.

मनोधैर्याचा विचार करताना त्यांनी त्याचे आत्मिक, बौद्धिक आणि भौतिक असे तीन आधार मानले. ध्येयावरील श्रद्धा प्रथम, ते साध्य होण्याजोगे आहे ही खात्री त्यानंतर, आणि अन्न, शस्त्रे व सोयी शेवटी, असा त्यांचा क्रम होता. मात्र खात्री व्याख्यानांनी पटत नाही. म्हणून आरंभी लहान गस्तीच्या तुकड्या जंगलात पाठविण्यात आल्या. त्या शत्रूला गाठून यशस्वी होऊन परतल्या, की त्यांची हकिकत पलटणभर पसरे. त्यानंतर शत्रूच्या छोट्या ठाण्यावर त्याच्या कितीतरी पटींनी मोठे सैन्य धाडले जाई. या उधळपट्टीवर टीका झाली, पण पराभवाची सवय लागलेल्या सैनिकाला प्रथम विजयाची सवय लावली पाहिजे, यावर स्लिम ठाम होते.

या साऱ्या तयारीची कसोटी मार्च १९४४ मध्ये लागली. जपानी सेनेने इंफाळ आणि कोहिमा यांच्या रोखाने चढाई केली. आपले सैन्य इंफाळच्या मैदानात मागे घ्यावे आणि लांबलेल्या पुरवठ्याने शत्रू थकला म्हणजे त्याच्यावर प्रहार करावा, अशी स्लिम यांची योजना होती. योजना फळाला आली, पण सेनापतीच्या दोन चुकांनंतर. टिड्डिमकडील डिव्हिजनला मागे बोलावण्यास उशीर झाला, आणि कोहिमावर एखादी रेजिमेंट येईल असा अंदाज असताना संपूर्ण डिव्हिजन चालून आली. या दोन्ही चुका स्लिम यांनी आपल्या ग्रंथात स्वतःच्या नावावर नोंदविल्या आहेत. त्या निस्तरल्या त्या खालच्या सैनिकांनी. सांगशाक येथे हिंदी छत्रीधारी ब्रिगेडने मराठा पलटणीसह मार्चच्या अखेरीस शत्रूला काही दिवस अडवून धरले, आणि त्या अवधीत बचावाची सिद्धता करण्यास मोलाचा वेळ मिळाला. आराकानमधून पाचवी हिंदी डिव्हिजन विमानांनी इंफाळला आणण्यात आली. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. इंफाळचे धान्य हाती लागेल या भरवशावर निघालेल्या जपानी सैन्याचा निम्म्याहून अधिक भाग या मोहिमेत गारद झाला, आणि त्यांतील कितीतरी जण गोळीने नव्हे, तर भुकेने व रोगाने मेले. जो प्रश्न स्लिम यांनी प्रथम सोडविला होता, तोच प्रतिपक्षाने शेवटावर ढकलला होता.

तथापि सेनापतीच्या दृष्टीलाही मर्यादा असतात. ज्या बंगालच्या आधारावर या सेनेची पिछाडी उभी होती, तेथे १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मरण पावली. तो दुष्काळ विजयाच्या हिशेबातून वगळता येत नाही. इंफाळसमोर आझाद हिंद सेनेचेही जवान होते, आणि देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपण लढत आहोत अशी त्यांची श्रद्धा होती. मनोधैर्याचा पहिला आधार ध्येयावरील श्रद्धा हा मानला, तर परक्या साम्राज्याच्या ध्वजाखाली लढणाऱ्या हिंदी सैनिकाचे ध्येय कोणते, हा प्रश्न उरतोच. पलटणीची अब्रू, शेजारी उभा असलेला सोबती आणि अंगावर घेतलेले काम एवढ्यावर त्यातील कित्येकांनी प्राण दिले. पण विजयाचे राजकीय फळ कोणाच्या पदरात पडावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मात्र या आघाडीचा अनुभव भारतीय सेनेच्या उपयोगी पडला. थिमय्या आणि थोरात यांनी आराकानच्या आघाडीवर पलटणींचे नेतृत्व केले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सितांग नदीजवळ गंभीर जखमी झालेले एक तरुण कप्तान पुढे भारताचे सेनाप्रमुख झाले. १९७१ मध्ये पूर्व बंगालवर तत्काळ चाल करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पावसाळा, रस्ते आणि सैन्याची सिद्धता यांकडे बोट दाखवून हिवाळ्यापर्यंत थांबण्याचा सल्ला त्यांनीच दिला. त्यांचे नाव सॅम माणेकशा. त्या डिसेंबरातील मोहीम तेरा दिवसांत संपली. तिच्यामागे तयारीचे कित्येक महिने होते.