भोपळ्याची बोली

प्रभुभोजनाच्या मेजापुढे बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या उभ्या केल्या आहेत. शेजारी उसाची मोळी, कांद्याच्या दोन गोण्या, मेथीच्या जुड्या, स्टीलच्या डब्यात गावरान अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा. उपदेश ऐन रंगात आला की कोंबडा ओरडतो, पोरं खुसुखुसू हसतात. पाळकसाहेब मात्र थांबत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातल्या या छोट्या मंडळीचा आज उपकारस्तुतीचा सण आहे. बाजरी घरात आली आहे, रानात ज्वारी गुडघ्याएवढी झाली आहे.

ख्रिस्ती माणूस काय मानतो, असं इथे कुणाला विचारलं तर तो मतांगीकाराकडे बोट दाखवील. तो प्रत्येक उपासनेत सगळे उभं राहून एका सुरात म्हणतात: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, देहाचं पुनरुत्थान. तोंडपाठ असल्यामुळे दोन मिनिटांत संपतो. या लोकांचा विश्वास चालताबोलता पाहायचा असेल तर उपासना संपल्यावर बाहेर कडुनिंबाखाली सतरंज्या पडतात, तिथे बसावं. तिथे लिलाव होतो.

आधी या मंडळीची कुळकथा थोडक्यात. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. 1831 पासून अहमदनगर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्रत्येक गावच्या मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असं मानणारे. त्यांच्या बोस्टनच्या कचेरीचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ताही स्वतःच पसरवावी, हा त्यांचा आग्रह होता. बोलायला सोपं! खेड्यापाड्यांतले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, बहुतेकांना जमीन नाही, हातात रोकड नाही. पाळकाचा पगार द्यायचा कुठून? जे होतं ते द्यायचं. धान्य, अंडी, कोंबडी. धान्याचे पैसे करायचे तर ते विकायला हवं, आणि विकत घेणार तरी कोण? तर आपणच.

1970 साली 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. नगरकडच्या या मंडळ्याही आता त्यातच आहेत. एकीकरणाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या, कारण बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, असल्या प्रश्नांवर लोक हटून बसलेले. शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या. मला त्या तडजोडीत शहाणपण दिसतं. पण आज सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणाला त्याचं विशेष काही वाटत असेल, असं मात्र दिसत नाही. सगळ्यांचं लक्ष कोंबड्याकडे आहे.

लिलाव पुकारणारा गडी आठवडाभर घोडेगावच्या कांदा बाजारात हमाली करतो, त्यामुळे बोलीचा ताल त्याच्या अंगात आहे. वस्तू आदल्या संध्याकाळीच आलेल्या असतात. कुणी काय आणलं हे लिहून ठेवायचं नाही, असा रिवाज आहे. महिला मंडळाच्या बायका सगळं एकत्र मांडतात, कुणाची रास मोठी दिसू नये म्हणून कणसंही सरमिसळ करतात. तरी गाव ते गाव. भोपळा कुणाच्या भिंतीवरच्या वेलाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तो भोपळा दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींचा आहे. बाजारात चाळीसेक रुपयांचा माल.

“भोपळा! बोला. दहा रुपये.”

“शंभर,” निवृत्त गुरुजी एकदम म्हणतात. मधले आकडे गाळल्याबद्दल पुकारणारा त्यांच्याकडे डोळे वटारून बघतो. खेळाची मजा घालवली म्हणून. मग भोसरीच्या कारखान्यातून सुट्टीवर आलेला एक पोरगा दीडशे म्हणतो, त्याचा चुलता दोनशे. बायकांच्या बाजूने कुणीतरी अडीचशे ओरडतं आणि नवऱ्याकडे बघतच नाही. एक वार, दोन वार, तीन वार. भोपळा चुलत्याकडे तीनशेला जातो. तो उचलून कवेत घेतो, दोन पावलं चालतो आणि पुन्हा मेजावर आणून ठेवतो. “परत घ्या बोलीला.” टाळ्या. पुन्हा दहा रुपयांपासून सुरुवात. दुसऱ्यांदा तो गुरुजींकडे जातो, तेही परत देतात. तिसऱ्यांदा मात्र एक बाई तो पदराखाली घेऊन बसते. तिला घारगे करायचे आहेत. तीन बोल्यांचे मिळून सातशेच्या वर गेले. मावशी खाली मान घालून मेथीची जुडी निवडत बसल्या आहेत. विधवेची दोन नाणी श्रीमंतांच्या थैलीपेक्षा जड ठरल्याची गोष्ट या मंडळीने लहानपणापासून ऐकली आहे. इथे ती कुणी सांगत नाही. भोपळ्याचा भाव वाढवतात.

कोंबड्याची गोष्ट वेगळी. तो येतो तेव्हा दोन घरांत ईर्षा पेटते, त्यात गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीचा हिशेबही असतो. आकडा वाढतो तसे आवाज चढतात. शेवटी जिंकणारा जिंकल्यासारखा हसतो तेव्हा पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडते. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं शिकवणाऱ्या धर्मात नाव घेऊन, पुकारून द्यायचं हे कसं? मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पेटीत टाकतात ते देवाला कळतं. इथलं एकमेकांना कळतं. आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या हातचं घेतलं. चारचौघांत देताना दिसावं, हीही त्यांना गरज वाटते.” उत्तर पटलं, तरी पुरतं नाही. कोंबड्याच्या बोलीत मला त्या गरजेपेक्षा मिशीला दिलेला पीळ जास्त दिसला. पण मिशीच्या पिळातूनच छपरावरचे नवे पत्रे आले आहेत, हेही खरं.

लिलावाआधीच्या उपासनेत प्रभुभोजन झालं होतं. त्याची तयारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहिली. काळ्या मनुका रात्री भिजत घातलेल्या. सकाळी त्याच पाण्यात कुस्करून, उकळून, स्वच्छ फडक्यातून गाळल्या. दारू नाही, हा इथला कडक नेम. रस लहान लहान प्याल्यांत ओतणारी बाई प्रत्येक प्याला काठापासून सारख्याच अंतरावर भरत होती, आणि एखादा जास्त झाला की चमच्याने काढून दुसऱ्यात घालत होती. मग मेजापाशी सगळे एका ओळीत आले: गुरुजी, हमाल, भोसरीचा पोरगा, मावशी. बाहेर टाळ-पेटीवर नारायण वामन टिळकांची पदं चालली होती. चित्पावन घरातले टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन याच नगर भागातल्या मंडळीत येऊन राहिले, आणि इथल्या ख्रिस्ती माणसाला भजनाचा ठेका मिळाला. इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं आजही गातात, पण त्यांना अशी मान डोलत नाही.

दुपारी पास्टोरेट कमिटीचे खजिनदार कडुनिंबाखाली वही उघडून बसतात. निम्मे लोक रोख देतात, बाकीचे उधार लिहायला सांगतात. कुणाचे उसाचे पैसे यायचेत, कुणाचा पगार एक तारखेला. जमलेल्यातून धर्मप्रांताचा वाटा, पाळकांचा पगार, आणि एका घरी डायलिसिस चालू आहे तिकडे काही. उधारी बुडते का, असं विचारल्यावर खजिनदार वही मिटतात. थोडी बुडते. मागे वार्षिक सभेत थकबाकीदारांची यादी वाचावी असा ठराव आला होता, त्यावर दोन तास भांडण झालं. आता फक्त एकूण आकडा वाचतात. नावं खजिनदाराच्या वहीत राहतात, आणि खजिनदार दर तीन वर्षांनी बदलतो तेव्हा वही नव्या माणसाच्या हाती जाते.