जमिनींतील ओल व स्वयंचलित पाणीयंत्र : कांहीं आवश्यक संज्ञा

बाग, हिरवळ व फळझाडें यांना आपोआप पाणी देणारीं यंत्रें आतां बागाइतदारांच्या दारापर्यंत येऊन पोंचलीं आहेत. विक्रेत्याच्या तोंडीं जे शब्द असतात, त्यांचा अर्थ नीट उमगल्याखेरीज पैसे मोजणें हिताचें नाहीं. यंत्र आपला हुकूम बिनचूक पाळतें. परंतु हुकूमच चुकीचा असेल, तर चूकही तितक्याच नियमितपणें घडते. म्हणून या विषयांतील मुख्य संज्ञा आम्ही येथें सोप्या करून देत आहों.

पहिली संज्ञा संपृक्तता. भरपूर पाणी दिल्यावर मातींतील लहानमोठ्या सर्व पोकळ्या भरून जातात व मुळांना हवा मिळेनाशी होते. मग मोठ्या पोकळ्यांतील पाणी आपल्या भारानें खालीं निचरतें. दोनतीन दिवसांनीं जी ओल माती धरून ठेवते, ती तिची जलधारणशक्ति. आपला वाफसा या स्थितीच्या आसपासच येतो. पुढें पीक ओल शोषीत जातें आणि अखेरीस माती उरलेलें पाणी इतकें घट्ट धरते, कीं कोमेजलेलें रोप रात्रीच्या गारव्यांतही सावरत नाहीं. हा म्लानबिंदु. त्या वेळीं मातींतील पाण्याचा ताण सुमारें १५ बार धरतात. जलधारणशक्तीच्या वेळीं तो पुष्कळ जमिनींत एकतृतीयांश बार असतो. या दोन मर्यादांमधील ओल हीच पिकाची खरी शिल्लक होय. तिला उपलब्ध ओल म्हणतात.

ही शिल्लक संपूर्ण संपूं द्यावयाची नसते. किती भाग खर्च झाल्यावर पाणी द्यावें, या प्रमाणास अनुज्ञेय घट म्हणतात. पुष्कळ पिकांस ती निम्म्याच्या सुमारास धरतात. समजा, एका भारी जमिनीची जलधारणशक्ति घनफळाच्या ३६ टक्के व म्लानबिंदु २० टक्के आहे. उपलब्ध ओल १६ टक्के झाली. मुळें ५० सेंटिमीटर खोल असल्यास शिल्लक ८० मिलिमीटर, व तिची निम्मी ४० मिलिमीटर. पिकाचा खर्च, म्हणजे जमिनीवरून व पानांवाटे उडून जाणारें पाणी, रोज ५ मिलिमीटर धरला, तर पाळी ८ दिवसांनीं येईल. मुरमाड जमिनींत उपलब्ध ओल ८ टक्केच असेल, तर तीच पाळी ४ दिवसांवर येते. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर पाणी. यावरून पंप किती वेळ चालवावा तें काढतां येतें.

आतां यंत्राकडे वळूं. कांहीं यंत्रें केवळ घड्याळावर चालतात; पर्जन्यमापी जोडलेला नसेल, तर भरपावसांतही झडप उघडते. दुसऱ्या प्रकारांत मुळांपाशीं पुरलेला ओलमापी नियंत्रकास खबर देतो. टेन्सिओमीटर ताण मोजतो; पण सुमारें ०.८ बारपलीकडे त्याचें काम चालत नाहीं. विद्युत् पद्धतीचे मापी ओलीचें प्रमाण दाखवितात; मात्र मापी व माती यांमध्यें फट पडल्यास किंवा जमीन खारवट असल्यास आंकडा फसवा येतो. भेगाळणाऱ्या काळ्या रानांत याची विशेष काळजी घ्यावी. एक मापी मुळांच्या थरांत व दुसरा त्याखालीं ठेवावा. खालचा वारंवार ओला दिसल्यास पाणी वायां जात आहे असें समजावें.

पाणी वायां जाणें हें केवळ विजेचें नुकसान नव्हे. नीरा कालव्याखालीं अतिरिक्त पाण्यानें व निचऱ्याच्या अभावीं चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्याचा अनुभव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच आलेला आहे. बिघडलेली जमीन सुधारण्यास वर्षें लागतात.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं आपल्या मातीची जलधारणशक्ति व म्लानबिंदु तपासून घ्यावे, आणि झडप कोणत्या आंकड्यावर उघडते व कोणत्या आंकड्यावर मिटते तें विक्रेत्यास विचारावें. यंत्र बसविल्यावरही अधूनमधून खुरप्यानें वीतभर माती उकरून मुठींत दाबून पाहावी. मुठीचा व यंत्राचा निर्वाळा जुळत नसेल, तर आधीं मापी तपासावा.