हवालदार गोपाळबाबा वलंगकर : पेन्शन, लेखणी आणि लोकल बोर्डातली खुर्ची

डिसेंबर संपत आला की सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांमधून भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. १ जानेवारी १८१८ ची लढाई तरुणांना तोंडपाठ असते. पण त्या सैनिकांच्या पुढच्या पिढ्यांनी बंदूक खाली ठेवल्यावर काय केले, असे विचारले की गोष्ट थेट १९२७ च्या महाडवर उडी मारते. मधली शंभर वर्षे कोरीच. त्या काळातले एक मोठे नाव म्हणजे गोपाळबाबा वलंगकर.

बाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावचा. ते ब्रिटिश फौजेत भरती झाले आणि १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. हवालदार हे काही फार वरचे पद नव्हे. पण त्या पदाने दोन गोष्टी दिल्या : अक्षरओळख आणि पेन्शन. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. गावातल्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे करत नसत, ते पलटणीत लिहू-वाचू लागले. सुभेदार रामजी आंबेडकर तर लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते.

पेन्शनचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे मला वाटते. गावात राहणाऱ्या महाराचे पोट बलुत्यावर. गावाविरुद्ध बोलला की बलुते बंद, म्हणजे चूल बंद. पेन्शनराचा पैसा सरकारकडून येई. पाटलाच्या किंवा भटजीच्या मर्जीवर तो अवलंबून नव्हता. म्हणून दापोलीच्या या पेन्शनर मंडळींमधूनच पहिले बोलणारे निघाले. त्यांच्या धाडसामागे ही साधी आर्थिक गोष्ट होती.

बाबांवर जोतीराव फुल्यांचा प्रभाव होता. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ मधून ते लिहू लागले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. विटाळ आला कुठून, तो कोणत्या आधारावर पाळता, असे प्रश्न त्यांनी धर्माच्या ठेकेदारांनाच विचारले. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांचीच.

मग शिडीच काढून घेतली गेली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत बळावला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच नातवंडांना ‘तुम्ही लढाऊ नाही’ असे सांगण्यात आले! बाबांनी १८९४ मध्ये मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करावी असा विनंती अर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, असा युक्तिवाद आहे. आजच्या बौद्ध वाचकाला तो खटकेल, मलाही खटकतो. एकीकडे ‘अनार्य’ म्हणवून घ्यायचे आणि दुसरीकडे क्षत्रियत्वाचा दाखला द्यायचा. पण ज्या सरकारी दारावर जातीची पाटी लागलेली होती, तिथे जातीच्याच भाषेत अर्ज करावा लागला. वर्णव्यवस्थेच्या बाहेर उभे राहून बोलण्याची भाषा आपल्याला पुढे १९५६ ला मिळाली.

अर्जाने भरती काही उघडली नाही. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट भारतमंत्र्यांकडे पाठवली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. गरजेपुरते बोलवायचे आणि मग घरी पाठवायचे, हा प्रकार नवा नाही.

बाबांच्या राजकीय आयुष्याचा प्रसंग १८९५ चा. सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. अस्पृश्य समाजातल्या माणसाला असे सार्वजनिक पद मिळणे त्या काळी अपवादच. पण सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला हरकत घेतली. वर्तमानपत्रांतून वाद झाला. म्हणजे कायद्याने खुर्ची दिली आणि जातीने तिच्याभोवती रिंगण आखले. कामानिमित्त आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरताना राखीव जागेवर निवडून आलेल्या बाया बैठकीत दाराशी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. सही त्यांची, निर्णय दुसऱ्याचा. म्हणून बाबांची ही हकीकत मला इतिहासातली वाटतच नाही.

१९०० मध्ये बाबा गेले. ज्या महाडच्या बोर्डात त्यांच्या शेजारी बसायला लोक तयार नव्हते, त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि १८९४ च्या अर्जातली मागणी खऱ्या अर्थाने मान्य झाली ती १९४१ मध्ये. त्या वर्षी सुभेदार रामजींचा मुलगा संरक्षण सल्लागार समितीवर होता. १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

सोलापुरात पहाटे होम मैदानावर धावणारी आपली मुले दिसतात. पोलीस किंवा सैन्य, दोनच स्वप्ने. २०२२ पासून सैन्यात ‘अग्निपथ’ आहे : चार वर्षे नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करणार, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि पेन्शन नाही. भरतीला जाऊ नका असे मी कुणाला सांगत नाही, घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण पंचविशीच्या आत परत येणाऱ्या मुलाच्या हातात पुढे काय असेल, त्याचे शिक्षण कुठे जोडून घ्यायचे, याचा विचार आपल्या विहारांमधल्या बैठकांत अजून सुरू झालेला नाही. दापोलीच्या पेन्शनरांकडे जे होते ते या मुलांकडे नसणार. येत्या १ जानेवारीला गाडीत बसल्यावर कोरेगावपर्यंत चार तास मिळतात, तेवढ्यात हा विषय काढा.