ग्रहणाचा दोष नव्हता

गेल्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या शिबिरात एक आई सहा वर्षांच्या मुलाला पदराखाली झाकून घेऊन आली. मुलाचा चेहरा, मान आणि हात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. ओठ भेगाळलेले, डोळे उजेडात उघडतच नव्हते. नाकाच्या शेंड्यावरची जखम कित्येक महिने भरत नव्हती. सोबतची आजी म्हणाली, "पोटुशी असताना हिने ग्रहण पाळलं नाही, डॉक्टर." आई मान खाली घालून उभी राहिली.

असा रुग्ण मी फक्त पुस्तकात पाहिला होता. मोठ्या रुग्णालयात निदान झाले ते झेरोडर्मा पिगमेंटोझम. नाकावरची जखम कर्करोगाची निघाली. वेळेत काढता आली.

हा आजार समजून घ्यायचा तर आधी आपल्या सर्वांच्या अंगात काय चालते ते पाहावे लागेल. उन्हातली अतिनील किरणे कातडीच्या पेशीत शिरून डीएनएच्या धाग्यावरची शेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटवतात. असे रोज, प्रत्येकाच्या बाबतीत होते. तरी आपल्याला काही होत नाही, कारण पेशीत विकरांची (एन्झाइमची) एक टोळी हिंडत असते. कुणी बिघाड हुडकते, कुणी तिथला धागा उलगडते, दोघे दोन्ही बाजूंनी कापतात. साधारण तीसेक अक्षरांचा तुकडा निघतो, समोरच्या धाग्यावर बघून नवा विणला जातो आणि शेवटी टाका पडतो. गोधडीचा विरलेला तुकडा उसवून आपल्या बायका नवा लावतात, तसेच हे काम.

या मुलाच्या टोळीतला एक कारागीर जन्मापासूनच कामाचा नाही. त्यामुळे बिघाड साचत जातात, अक्षरे चुकतात आणि लहान वयातच कातडीचा कर्करोग होतो. विशीच्या आतल्या अशा रुग्णांत त्याचा धोका इतरांच्या सुमारे 10,000 पट असतो. काहींच्या मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. दुरुस्तीच जमत नाही, हे कारण 1968 साली अमेरिकेत जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले. दुरुस्ती नेमकी कशी चालते हे उलगडणारे अझीझ सँकार यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांसोबत विभागून मिळाले. सँकार हे तुर्कस्तानातल्या लहान गावात निरक्षर आई-वडिलांच्या पोटी जन्मले आणि सुरुवातीला खेड्यात डॉक्टरकी करत होते. आमच्यासारख्यांना हे वाचून बरे वाटते!

दुरुस्तीच्या अशा आणखीही टोळ्या आहेत. बीआरसीए जनुकातल्या दोषाने स्तनांचा आणि अंडाशयाचा कर्करोग घराण्यात फिरतो, तोही त्यांतल्याच एकीच्या बिघाडामुळे.

आता आईच्या दोषाविषयी. हा आजार होण्यासाठी बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. हे मी वडिलांसमोर, आजीसमोर दोनदा सांगितले. ग्रहणात सूर्य झाकलेला असतो, आणि या पोराला त्रास तर उघड्या सूर्याचा!

बरे करणारे औषध नाही, पण ऊन टाळले तर आयुष्य वाढते. ढगाळ दिवशीही अंग झाकायचे. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरणे आत येतात, म्हणून शाळेत तो आता भिंतीकडे बसतो. प्रार्थनेला गुरुजी त्याला मैदानात उभे करत नाहीत. ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, ते औषधातून देतो. सनस्क्रीनची नळी मात्र आठवडाभरही पुरत नाही. मदत पाठवणाऱ्यांनी ही वस्तू यादीत धरावी. आणि आशाताईंनो, दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या तोंडावर असे ठिपके दिसले, ते उजेडात रडू लागले, तर वाट न पाहता आमच्याकडे पाठवा.

आजीच्या मनातून ग्रहण गेले आहे असे मी म्हणणार नाही. पण जुन्या लुगड्याची, मानेपर्यंत पडदा असलेली टोपी तिनेच शिवली. पोरगा ती घालून दिवेलागणीनंतरही हिंडतो.