समुपदेशकाची कसोटी

परीक्षा म्हटली की पाठ केलेली उत्तरे आणि घड्याळाचा धाक एवढेच आपल्याला आठवते. आज मी एका निराळ्या परीक्षेविषयी बोलणार आहे. अमेरिकेत समुपदेशन मानसशास्त्रात पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती द्यावी लागते. तिला सर्वंकष परीक्षा म्हणतात.

अडचणीने गांजलेल्या माणसाला संभाषणाच्या साहाय्याने स्वतःची वाट शोधता यावी, यासाठी समुपदेशक झटतो. मानसशास्त्रज्ञ संशोधकही असावा आणि उपचारकही, असा विचार १९४९ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथील परिषदेत पुढे आला. समुपदेशनाच्या शाखेनेही तो स्वीकारला. ही दुहेरी तयारी सर्वंकष परीक्षेत पारखली जाते.

वर्गातील अभ्यास बहुतांशी संपल्यावर ही परीक्षा होते. तिची रीत विद्यापीठागणिक बदलते. कोठे काही दिवस लेखी प्रश्न सोडवावे लागतात; कोठे विद्यार्थी आपण हाताळलेले एखादे प्रकरण, संबंधिताची ओळख झाकून, प्राध्यापकांच्या समितीपुढे मांडतो व आपल्या निर्णयांचे समर्थन करतो. सिद्धांत, संशोधनपद्धती, मानसिक चाचण्या आणि व्यवसायनीती यांची सांगड त्याला घालता आली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. १९६९ साली बर्कली येथे तारासॉफ नावाच्या तरुणीची हत्या झाली. मारेकऱ्याने आपला बेत आधीच मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. पोलिसांना वर्दी गेली. पण त्या तरुणीला कोणीच सावध केले नाही. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा संकटातील व्यक्तीच्या रक्षणासाठी उपचारकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे.

हा निर्णय तोंडपाठ असला म्हणजे भागले, असे नाही. धमकी खरी की रागाच्या भरातली? कोणाला कळवावे, आणि किती? समोरच्याचा विश्वास कसा राखावा? परीक्षार्थ्याने हे सकारण सांगायचे असते. न जमल्यास बहुधा पुन्हा एक संधी मिळते. उत्तीर्ण झाल्यावरही प्रबंध आणि वर्षभराची उमेदवारी उरतेच.

मी शाळेत गणित तपासतो, तेव्हा मुलाच्या चुकीवर तांबडी रेघ मारून वही मिटतो. समुपदेशकाच्या चुकीची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. ती चूक परीक्षेच्या दालनातच उघडी पडलेली बरी.