मागणी लहान, साखळी मोठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या वार्षिक बैठका भरल्या आणि १७ तारखेला जागतिक दारिद्र्य निर्मूलन दिन पार पडला. अशा वेळी नेत्यांचे संदेश येतात, फलकांसह फोटो येतात. त्या वर्षी मात्र या सोहळ्यात थोडी पंचाईत होती. अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था जुलै २०२५ मध्ये गुंडाळली. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचा स्वतः कायद्यात लिहिलेला शब्द २०२१ मध्ये ०.५ वर आणला, आता २०२७ पर्यंत तो ०.३ वर येणार. संरक्षणखर्चासाठी पैसा हवा आहे. याच ब्रिटनमध्ये २ जुलै २००५ रोजी सुमारे सव्वादोन लाख माणसे पांढरे कपडे घालून एडिनबरोच्या रस्त्यांवर उतरली होती. ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’, गरिबी इतिहासजमा करा, ही त्यांची मागणी होती.

मग त्या सव्वादोन लाखांचे पाय उगाच दुखले का? ‘मोर्च्यांनी कुठे गरिबी जाते’ असे म्हणून पेपर मिटणारे पुष्कळ आहेत, आणि आकडे वरवर त्यांच्याच बाजूचे दिसतात. १९९० नंतर जगातली अतिदरिद्री लोकसंख्या घटली ती मुख्यतः चीनमुळे आणि नंतर भारतामुळे. बीजिंगमध्ये काही कुणी मोहिमेची खूण म्हणून मनगटावर पांढरा पट्टा बांधून फिरत नव्हते. तरीही मोर्च्यांना सरसकट निकालात काढणे मला पटत नाही. एडिनबरोच्या सात वर्षे आधी दुसऱ्या एका गर्दीने यापेक्षा खूपच लहान गोष्ट मागितली होती, आणि ती बऱ्याच अंशी मिळवलीही.

त्या गर्दीच्या मुळाशी होते मार्टिन डेंट, कील विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. ऐन उमेदीत नायजेरियात वसाहतीच्या सरकारची नोकरी केलेले. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या थॉमस फॉवेल बक्स्टन यांचे वंशज. १९९० च्या सुमारास, निवृत्तीच्या वयात, त्यांच्या डोक्यात बायबलमधली एक जुनी तरतूद घोळू लागली: दर पन्नासाव्या वर्षी कर्जे फिटली असे समजावे आणि गुलामांना घरी जाऊ द्यावे. इसवी सन २००० हे असे वर्ष का मानू नये? गरीब देशांवरचे न फिटणारे कर्ज ही आजची गुलामगिरी आहे, ती एकदाच आणि एकाच तारखेला संपवा. निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स स्वतंत्रपणे याच विचारापाशी आले होते. दोघे भेटले आणि ‘जुबिली २०००’ उभी राहिली. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा ज्याने ऐकली आहे त्याला मागणी समजावून सांगायची गरज नाही. फक्त इथे सातबारा देशांचा होता.

या मागणीची रचना मला फार हुशारीची वाटते. गरिबी कुणी एक सही करून संपवू शकत नाही. कर्ज मात्र सहीनेच घेतलेले असते आणि सहीनेच माफ होते. सही करणारे तेव्हा मोजके होते: सात-आठ श्रीमंत सरकारे, नाणेनिधी आणि जागतिक बँक. रक्कम कागदावर होती. आणि मुदत संघटनेच्या नावातच होती. २००० साल संपले तसे ब्रिटनमधल्या मोहिमेने दुकान बंदही केले. आपल्याकडे पाच वर्षांसाठी नेमलेली समिती पंधरा वर्षे चालते, म्हणून याचे जास्त कौतुक.

१६ मे १९९८. बर्मिंगहॅममध्ये जी-८ ची परिषद. सुमारे सत्तर हजार माणसांनी शहराच्या मध्यभागाभोवती, जवळजवळ दहा किलोमीटर, हातात हात घालून साखळी केली. चर्चच्या मंडळ्या, शिक्षक, पेन्शनर, बाबागाडीसह आलेली कुटुंबे. गंमत म्हणजे नेते तिथे नव्हतेच. त्या दिवशी त्यांना दूर वेस्टन पार्कच्या हवेलीत नेले होते. साखळी रिकाम्या सभागृहाभोवती. पण सत्तर हजार माणसे दगड न उचलता शांतपणे उभी राहिली, याची बातमी हवेलीत पोचली. टोनी ब्लेअर परत आले आणि आंदोलकांना भेटले.

दुसरे बर्मिंगहॅम अमेरिकेत, अलाबामा राज्यात आहे. तिथले तेव्हाचे खासदार स्पेन्सर बॅकस हे पक्के रिपब्लिकन. परदेशी मदतीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी. १९९९ मध्ये त्यांच्याच गावच्या चर्चमधल्या काही जणी वॉशिंग्टनला जाऊन त्यांच्या कार्यालयात बसल्या आणि आफ्रिकेच्या कर्जाचा विषय त्यांनी धर्मग्रंथाच्या भाषेत मांडला. बॅकस विरघळले. नुसता पाठिंबा देऊन थांबले नाहीत, कर्जमाफीचे काँग्रेसमधले सर्वांत खणखणीत वकील झाले. २००० साली काँग्रेसने या कामासाठी ४३.५ कोटी डॉलर मंजूर केले. शिष्टमंडळात कुणी रॉकस्टार नव्हता. होते ते त्यांचे मतदार. (रॉकगायक बोनो यांचेही योगदान आहे, पण त्यांच्यावर पुरेसे लिहून झाले आहे.)

मोहिमेच्या अर्जावर शेवटी २ कोटी ४० लाख सह्या झाल्या. १९९९ मध्ये जी-८ च्या कोलोन परिषदेत गरीब देशांसाठीच्या माफीयोजनेची व्याप्ती वाढली, २००५ मध्ये पात्र देशांवरचे बहुपक्षीय संस्थांचे उरलेले कर्जही माफ करायचे ठरले. आजवर ३७ देशांना या योजनेतून माफी मिळाली आहे, त्यांतले ३१ आफ्रिकेतले. टांझानियाने प्राथमिक शाळेची फी काढून टाकली. झाम्बियाने एप्रिल २००६ पासून ग्रामीण दवाखान्यांतली फी बंद केली. हप्त्यात जाणारा पैसा खजिन्यात राहिला, की अशा गोष्टी करता येतात.

याच्या शेजारी २००५ ठेवा. मंडेला ट्रफाल्गर चौकात बोलले, लाइव्ह-८ च्या मैफली झाल्या, लाखो पांढरे पट्टे विकले गेले. (त्यांतले काही चीनमधल्या ज्या कारखान्यांत तयार झाले, तिथे किमान वेतनही दिले जात नसल्याच्या बातम्या आल्या.) जुनी कर्जमागणी होतीच, तिच्यात व्यापारन्याय आणि जास्त मदत यांची भर पडली. मिळाले काय? कर्जाचे काम झाले, कारण तिथे सही करणारा ठाऊक होता. २०१० पर्यंत आफ्रिकेची मदत २५ अब्ज डॉलरनी वाढवू, हा जी-८ नेत्यांचा शब्द निम्माही पाळला गेला नाही. व्यापारन्यायाच्या बाबतीत जवळजवळ काहीच हाती लागले नाही. पुढे तर मागणी विरघळतच गेली. ‘स्टँड अप’ नावाच्या उपक्रमात गरिबीविरुद्ध नुसते उभे राहायचे होते. २००९ मध्ये १७ कोटींहून अधिक लोक उभे राहिले, गिनीज बुकात नोंद झाली, निम्म्याहून अधिक आपल्या आशियातले. उभे राहून कुणाकडे काय मागितले, हे त्यांतल्या किती जणांना सांगता आले असते?

आपल्याकडचा धागा त्यापेक्षा बरा. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जगभरच्या चळवळींचा वर्ल्ड सोशल फोरम भरला होता. तिथल्या चर्चांतून पुढे ‘वादा न तोडो अभियान’ निघाले. सरकारनेच दिलेला शब्द सरकारसमोर धरायचा, हा त्यांचा खाक्या. नावातच मागणी नेमकी आहे.

आता कर्जमाफीवरचा ओळखीचा आक्षेप: माफ केले की पुन्हा काढतात. झाम्बियाचेच बघा. २०१२ मध्ये रोखे विकून ७५ कोटी डॉलर उभे केले, नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. जास्त जोखमीचे म्हणून जास्त व्याज लावणारा गुंतवणूकदार जोखीम प्रत्यक्षात आली की पूर्ण वसुली मागतो, हे त्यात येत नाही. याच झाम्बियाने १९७९ मध्ये रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे उधारीवर घेतली होती. ती थकबाकी डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतली आणि साडेपाच कोटींचा दावा ठोकला. २००७ मध्ये लंडनच्या कोर्टाने तिला सुमारे दीड कोटी डॉलर मिळवून दिले. संतापलेल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करून २०१० मध्ये ब्रिटिश संसदेकडून अशा वसुलीला लगाम घालणारा कायदा करून घेतला. तो जुन्या कर्जांपुरताच. २०१२ चे रोखे त्यात बसत नाहीत.

आणि सावकारही आता बदलले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएनसीटॅड’ या व्यापार-विकास संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार ३४० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करते त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करते. पैसे द्यायचे ते रोखेधारकांना, चीनला, आणि थोडेफार आपल्यालाही. श्रीलंका कर्जात बुडाली तेव्हा सरकारी धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपद फ्रान्स आणि जपानबरोबर भारताकडे होते. म्हणजे ज्यांच्या भोवती साखळी करायची, त्या टेबलावर आता दिल्लीही बसते.

तेव्हा १७ ऑक्टोबरला हातात फलक घेऊन फोटो काढण्यापेक्षा एक काम करा. आपल्या खासदाराला पत्र लिहा: भारताने कोणत्या गरीब देशाला किती, कोणत्या व्याजाने कर्ज दिले आहे आणि तो अडचणीत आला तर आपण काय करणार, हे संसदेत विचारा. खाली सही करा, जमले तर शेजाऱ्याचीही घ्या.