जहाज कुणासाठी थांबत नाही!

पै-पै साठवून कुटुंबासह सागरी सफरीला निघणाऱ्या व्यापारी-कारागीर बंधूंनी हिशेब विमानाच्या दरापासून नव्हे, जहाज सुटण्याच्या वेळेपासून मांडावा.

समजा, जहाज सिंगापूरहून संध्याकाळी सुटते. त्याच सकाळी पोहोचणारे विमान स्वस्त दिसते. पण जहाजावरची नोंद सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते. विमानाला उशीर झाला, तर सफरीचे पैसे सहसा बुडतात. म्हणून आदल्या दिवशीच पोहोचावे. एका रात्रीचे हॉटेलभाडे हा मालाचा विमाच समजावा.

वाटेत विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पुढचे विमान चुकले तर सोय करणे कंपनीवर येते. तिकिटे वेगळी असली तर तोटा आपला.

तिकिटावर १५ तारीख, रात्री १२.४० असेल तर घर १४ तारखेच्या संध्याकाळीच सोडायचे. कोपरला धिमी लोकलच थांबते. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे गाडी बदलून पुढचेच स्थानक टर्मिनल २. मात्र रात्री उशिरा मेट्रो बंद होते, रविवारी मेगाब्लॉक असू शकतो. तेव्हा टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवावेत.

जहाज पेनांग, फुकेत करून सिंगापूरला परतणार असेल तर तेथे प्रवेश दोनदा होतो. व्हिसा तसाच आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

परतीचे विमानही संध्याकाळचे घ्यावे. जहाज सकाळी लागले तरी उतरता उतरता दुपार होते.